मावशी, मी काहीच नाही केलं

आमच्या माहेरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एरवी सुप्रभातची फुलं, गुडघेदुखीवरचे उपाय आणि वाढदिवसाचे केक एवढंच येत असतं. १९ जुलै २०२४ ला मात्र दुपारपासून निराळंच सुरू झालं. जगभरातले कॉम्प्युटर निळे पडले होते. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते. असल्या एका पासाचा फोटो त्या दिवशी सगळीकडे फिरत होता, तो माझ्या भाच्याने ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "मावशी, या वेळी मी गेम खेळत नव्हतो हं!" पुढे दात काढणारे दोन पिवळे चेहरे.

सगळे हसले. मीही अंगठा दाखवून मोकळी झाले. पण त्या रात्री झोप जरा उशिराच लागली. सतरा वर्षं झाली होती त्या गोष्टीला, आणि पोरानं ती लक्षात ठेवली होती.

नात्यातल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट अर्धी माहीत आहे. उरलेली अर्धी २००७ च्या दिवाळीपासून मला माहीत आहे आणि मी ती कुणाला सांगितली नाही. आज सांगायची म्हणते. त्यासाठी 'डिव्हाइस ड्रायव्हर' नावाच्या एका प्रकरणात शिरावं लागेल. मी मराठी माध्यमातली बीए, उभं आयुष्य शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेलं. तेव्हा जे मला कळलं ते माझ्याच भाषेत सांगते.

२००५ साली मी निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून घरी कॉम्प्युटर आला. जोडून घेतलेला, विंडोज एक्सपीचा. 'हे' एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना त्या डब्यात काडीचा रस नव्हता, माझं मात्र बराहावर मराठी टाइप करायला शिकणं जोरात सुरू झालं. त्या हिवाळ्यात आई माझ्याकडे साताऱ्याला राहायला होती. तिला जात्यावरच्या ओव्या शेकड्याने पाठ. रोज सकाळी चहा झाला की ती खुर्चीशेजारी पाटावर बसायची आणि सांगायची, मी टाइप करायची. पहिल्या सत्तर-ऐंशी ओव्या वहीत उतरवून मग टाइप केल्या होत्या. पुढे हात बसला तशी वही सुटली, तिच्या तोंडून थेट कॉम्प्युटरवर. २००६ च्या ऑगस्टमध्ये आई गेली.

२००७ च्या जानेवारीत लेकीला न्यू जर्सीला मुलगी झाली. नात बघायची तर वेबकॅम पाहिजे म्हणून पुण्याहून एक स्वस्तातला कॅमेरा मागवला. बेडकाच्या डोळ्यासारखा दिसायचा. सोबत एक चिमुकली सीडी आणि घडीचा कागद. सीडी घातली, 'नेक्स्ट नेक्स्ट' केलं, आणि मध्येच पिवळ्या खुणेची एक चौकट आली. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या चाचणीत उतरलेलं नाही, ते घातल्याने तुमचा कॉम्प्युटर आत्ता किंवा पुढे अस्थिर होऊ शकतो, अशा अर्थाचं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. खाली दोन बटणं. एक 'कंटिन्यू एनीवे', दुसरं 'स्टॉप'. मी घाबरून कागद उघडला. कागदावर त्याच चौकटीचं चित्र छापलेलं होतं आणि बाण काढून सांगितलं होतं की 'कंटिन्यू एनीवे' दाबा. छापील कागदावर विश्वास ठेवायची आम्हा मास्तर लोकांना सवयच असते. दाबलं.

हे बटण दाबणारं बोट माझं होतं, एवढं ध्यानात ठेवा.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आटपून भाचा सुट्टीला आला. बारा वर्षांचा. सकाळी तळ्यावर, दुपारी आंबे आणि रोड रॅश. मोटारसायकलवरून लाथा मारत जायचं, असला तो गेम. मला आवडायचा नाही, पण सुट्टी म्हणून एक तास द्यायची. आणि त्याच सुमाराला आमचा कॉम्प्युटर निळा पडायला लागला. चालता चालता एकदम निळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीबाही, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. दोन वेळा तर भाचा समोर बसलेला असतानाच.

"काय दाबलंस?"

"मावशी, मी काहीच नाही केलं."

इतक्या वर्षांत वर्गात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. आणि खरं सांगायचं तर फारसा विश्वास कधी ठेवला नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा आला. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "गेममधून व्हायरस आलाय, काकू. फॉरमॅट मारावा लागेल. डेटा काढून ठेवलाय ना?" मी म्हटलं, हो, डी ड्राइव्हला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे डी ड्राइव्ह म्हणजे माळा, तिथलं सामान सुरक्षितच. त्याने व्हायरस तिथेही असणार म्हणून सगळंच पुसलं. तीनशे रुपये घेऊन गेला. वहीतल्या ओव्या राहिल्या. तोंडी घेतलेल्या, साधारण साठेक असतील, त्या गेल्या. आई तर आधीच गेली होती.

त्या रात्री मी भाच्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. "आजीच्या ओव्या घालवल्यास तू" हे त्यातलं शेवटचं वाक्य. मग त्याच्या आईला, म्हणजे माझ्या सगळ्यात धाकट्या बहिणीला, फोन केला. तो ठरल्यापेक्षा पंधरा दिवस आधी परत गेला आणि घरी गेल्यावर त्याला मारही बसला, हे मला नंतर कळलं. पुढच्या वर्षी सुट्टीला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही.

आता पुढचं ऐका. जूनमध्ये, तो गेल्यावर तीन आठवड्यांनी, निळा पडदा पुन्हा आला. फॉरमॅट नंतर मी तोच कॅमेरा त्याच सीडीवरून पुन्हा बसवला होता, तेच बटण पुन्हा दाबून. पण ते माझ्या डोक्यातही आलं नाही. मी यांना काय म्हटलं असेल? "बघा, त्याने घातलेला व्हायरस अजून राहिलाय."

दिवाळीला लेक-जावई आले. जावई सॉफ्टवेअरमधले. त्यांच्यासमोरच पडदा निळा झाला. ते उलट खूश झाल्यासारखे खुर्चीवर बसले. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'मिनीडंप' नावाचं एक फोल्डर असतं, ते त्यांनी उघडलं. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर कोसळला की मरणापूर्वीची जबानी असावी तशी एक छोटी फाइल तिथे पडते, नावातच तारीख. जून ते नोव्हेंबर अकरा फायली होत्या. त्यांनी एका साधनातून एकेक वाचली. अकरापैकी सात फायलींत एकाच ड्रायव्हरचं नाव होतं. तेच नाव त्या चिमुकल्या सीडीवर.

"आई, हा कॅमेरा कधी घेतलात?"

मी महिना सांगितला. बाकीच्या चार फायलींत मात्र भलत्यांचीच नावं होती, एकात तर खुद्द विंडोजच्या फायलीचं. मी म्हटलं, म्हणजे तेही दोषी? त्यांनी जे समजावलं ते मला माझ्या धंद्यामुळे चटकन पटलं. ड्रायव्हरकडून चूक झाली की तो कधीकधी मेमरीत दुसऱ्याच्या जागेवर काहीतरी खरडून ठेवतो. त्या क्षणी काही होत नाही. पाच मिनिटांनी त्या जागेचा खरा मालक येतो, वाचायला जातो आणि त्याच्या हातात स्फोट होतो. जबानीत नाव त्याचं लागतं. फळ्याकडे पाठ वळवल्यावर खडू फेकतो एक आणि मास्तर वळतात तेव्हा उभा असतो दुसराच, त्यातला हा प्रकार.

खडू फेकणारा पकडायला विंडोजमध्ये एक पहारेकरी आहे. 'ड्रायव्हर व्हेरिफायर' म्हणतात, विंडोज २००० पासून तो आत आहेच. ज्याच्यावर संशय आहे त्याला मेमरीचा असा तुकडा द्यायचा की दोन्ही बाजूंना कुंपण, पाऊल बाहेर पडलं की तिथल्या तिथे पकड. जावयांनी कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरवर तो लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीचं तोंड दिसायच्या आत निळा पडदा आला आणि या वेळी नाव बरोबर होतं. कॅमेरा काढला, ड्रायव्हर काढला. पुढे तो कॉम्प्युटर चार वर्षं चालला, निळा पडदा मी त्यावर पुन्हा पाहिला नाही.

जावई सहज म्हणाले, "एखादा गेम असा अख्खा कॉम्प्युटर पाडू शकत नाही, आई. त्याला तेवढी परवानगीच नसते." मी स्वयंपाकघरात निघून गेले. चकल्या तळायच्या होत्या.

हे 'परवानगी' प्रकरण जरा नीट सांगते, कारण माझं जे म्हणणं आहे ते त्यावरच उभं आहे.

जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. ओटी, पडवी, माजघर, देवघर. येणारा-जाणारा ओटीवर. ओळखीचा पडवीत. माजघरात घरचीच माणसं. आपण वापरतो ते बहुतेक सगळे प्रोग्राम, म्हणजे टाइप करायचा, गाणी ऐकायचा, रोड रॅशसुद्धा, हे ओटीवरचे पाहुणे. त्यांच्यातल्या एकाने गोंधळ घातला तर त्याला उचलून बाहेर ठेवतात, घर चालू राहतं. विंडोज ९५, ९८ मध्ये या भिंती कच्च्या होत्या, ओटीवरचा माणूस धक्का मारून आत शिरू शकायचा. २००१ मध्ये एक्सपी आलं, तेव्हा घरगुती कॉम्प्युटरलाही पक्क्या भिंती मिळाल्या. माजघर म्हणजे कर्नल. मेमरी कुणाला किती, डिस्कवर काय लिहायचं, आता पाळी कुणाची, हा सगळा संसार तिथून चालतो.

आणि ड्रायव्हर कोण? ड्रायव्हर हा दुभाषी. कॅमेरा, प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड, प्रत्येकाची बोली वेगळी. ती बोली विंडोजला समजावून सांगणारा छोटासा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो लिहितो त्या वस्तूचा कारखानदार. आणि गंमत अशी की या परक्या माणसाची बैठक थेट माजघरात. यंत्राशी बोलायचं काम भराभर व्हावं लागतं, ओटीवरून हाका मारत बसायला वेळ नाही, म्हणून त्याला आत घेतलेलं. आत आला की त्याला काहीही करता येतं, कुठल्याही डब्याचं झाकण उघडता येतं. त्याला उचलून बाहेर ठेवणारं कुणी नाही, कारण उचलणाऱ्यांच्याच खोलीत तो बसलाय.

तो चुकला की विंडोजपुढे एकच मार्ग उरतो, स्वतःहून थांबायचं. निळा पडदा म्हणजे ते थांबणं. आता कशावर विश्वास ठेवावा कळत नाही, आणखी पुढे गेलो तर डिस्कवर वेडंवाकडं लिहिलं जाईल, तेव्हा इथेच थांबतो. मला हे कळल्यावर त्या पडद्याबद्दल जरा आदरच वाटायला लागला. आम्ही त्यालाच शिव्या घालायचो.

हे ड्रायव्हर चुकतात तरी का इतके? एक म्हणजे काम खरोखर अवघड. यंत्राकडून हाक केव्हाही येते, मध्येच हातातलं टाकून उठावं लागतं आणि त्या उठलेल्या अवस्थेत काय करायचं नाही याचे नियम फार कडक. आमच्या पडद्यावर नेहमी जी चूक यायची, 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', ती याच जातीची. ऑपरेशन टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरने "ते अवजार घरी राहिलंय, घेऊन येतो" म्हणायचं नसतं. तातडीच्या कामात असलेल्या ड्रायव्हरनेही, जी गोष्ट मेमरीतून काढून डिस्कवर ठेवलेली असू शकते तिला हात घालायचा नसतो. बहुतेक वेळा ती मेमरीतच असते म्हणून खपून जातं. कारखान्यातल्या चाचणीत शंभरदा खपतं. साताऱ्यात दोनशे छप्पन एमबीच्या कॉम्प्युटरवर, जिथे मेमरी कायम अपुरी, तिथे नाही खपत.

दुसरं कारण माणसाचं आहे. कॅमेरा विकून पैसे मिळतात, ड्रायव्हर सुधारून काही मिळत नाही. पुढच्या वर्षी नवं मॉडेल येतं, जुन्याचा ड्रायव्हर आहे तसाच सीडीवर राहतो.

आणि हा माझ्या एका कॅमेऱ्याचा रडगाणा नव्हे. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सच्या कर्नलमधल्या चुका यंत्राकरवी मोजल्या, तर ड्रायव्हरमध्ये चुकांचं प्रमाण बाकीच्या कर्नलच्या तिप्पट ते सातपट निघालं. २००३ च्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका निबंधात तर असं दिलंय की एक्सपी कोसळल्याच्या तेव्हाच्या तक्रारींपैकी ८५ टक्क्यांचं मूळ ड्रायव्हरमध्ये होतं. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि लोकांनी मायक्रोसॉफ्टच्या नावाने खडे फोडले. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या एका खटल्यात कंपनीचे आतले कागद बाहेर आले. त्यात २००७ मधल्या नोंदवलेल्या पडझडीपैकी जवळजवळ २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर होती, स्वतः मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर १८ टक्क्यांच्या आसपास. शिव्या कुणाला बसल्या ते तुम्हाला माहीत आहे.

बिल गेट्सनाही हे चुकलं नाही म्हणा. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोला विंडोज ९८ लोकांना दाखवत असताना त्यांच्या सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि भर सभेत, मोठ्या पडद्यावर, निळं. लोकांनी टाळ्या पिटल्या. आम्ही अजून हे विकायला काढलं नाही ते यासाठीच, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्सनी वेळ मारून नेली. तो व्हिडिओ जावयांनी मला दाखवला तेव्हा मी पोट धरून हसले होते. तिथे कुणी त्या सहकाऱ्याच्या आईला फोन केला नसणार.

मी हे सगळं यांना समजावलं तेव्हा यांचा आक्षेप नावावरच. म्हणाले, "ड्रायव्हर कशाला म्हणता त्याला? आमचा ड्रायव्हर गाडी घेऊन निघायच्या आधी लायसन, बिल्ला, डोळ्यांची तपासणी सगळं व्हायचं. हा तर कुणीही उठतो आणि स्टिअरिंगवर बसतो." एसटीवाल्या माणसाच्या मानाने मुद्दा बिनतोड होता. पुढे तेच झालंही. व्हिस्टाच्या चौसष्ट बिटी आवृत्तीपासून सही नसलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये घ्यायचाच नाही असा नियम आला. म्हणजे माझ्यासारखीला 'कंटिन्यू एनीवे'चा पर्यायच नाही. माझ्या मते ते फार आधी व्हायला हवं होतं. माजघरात कुणाला घ्यायचं हा निर्णय, इंग्रजी चौकट पुढे करून, नात बघायला आतुर झालेल्या आजीवर टाकणं हा शुद्ध अंग झटकण्याचा प्रकार होता. उद्या काही झालं तर 'आम्ही विचारलं होतं' म्हणायला मोकळे.

पण सही असली म्हणजे झालं का? तर १९ जुलै २०२४.

त्या दिवशी आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने जगभरच्या आपल्या ग्राहकांना एक छोटी फाइल पाठवली. हिचं चोर पकडायचं सॉफ्टवेअर माजघरात बसतं, ड्रायव्हरच्या रूपात. त्या ड्रायव्हरला रीतसर सही होती, चाचणी झालेली होती. पण वरचेवर येणाऱ्या या माहितीच्या फायली त्या चाचणीत नव्हत्या. झालं काय, तर नव्या फाइलीतला नियम एकविसाव्या रकान्याकडे बोट दाखवत होता आणि प्रत्यक्षात माहिती भरली जायची विसांतच. निकालपत्रक केलेल्या कुठल्याही शिक्षकाला हे कळेल. एकविसावा रकाना शोधत ड्रायव्हर कागदाच्या बाहेर गेला, जिथे त्याचं काही नव्हतं, आणि सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर कोसळले. फाइल १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. अठ्ठ्याहत्तर मिनिटं. पण तो ड्रायव्हर कॉम्प्युटर उघडतानाच सुरू होणारा, त्यामुळे पुन्हा चालू केला की पुन्हा निळा. बहुतेक ठिकाणी माणसाने जातीने जाऊन, सेफ मोडमध्ये, ती एक फाइल पुसावी लागली. अस्थिरतेचं कारण रकान्याची चूक हे खरंच, पण तीच चूक ओटीवरच्या प्रोग्राममध्ये झाली असती तर तो प्रोग्राम बंद पडला असता, विमानं नाहीत.

म्हणून माझं मत असं झालंय की ड्रायव्हर जास्त काळजीने लिहा, जास्त तपासा, हे सांगणं अपुरं आहे. माजघरातली गर्दी कमी करा. आत बसल्याशिवाय ज्याचं काम होतच नाही तेवढ्यालाच आत घ्या, बाकीच्यांना पडवी. काम थोडं सावकाश झालं तर होऊ द्या.

हा वाद जुना आहे. १९९२ मध्ये अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम आणि हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांच्यात यावरूनच जुंपली होती. प्राध्यापकांचं म्हणणं, कर्नल इवलासा हवा, ड्रायव्हर वगैरे सगळे बाहेर. पोराने लिनक्स बांधलं ते सगळं एकत्र ठेवून. व्यवहारात पोरगा जिंकला हे कबूल करायला पाहिजे, आज जगातले किती सर्व्हर आणि फोन लिनक्सवर चालतात. प्राध्यापकांनी मात्र हट्ट सोडला नाही. त्यांच्या मिनिक्स ३ मध्ये, २००५ साली, ड्रायव्हर बाहेर बसतो, आणि मेला तर त्याला पुन्हा जिवंत करणारा एक वेगळा कारभारी नेमलेला आहे. त्याचं नाव 'रिइनकार्नेशन सर्व्हर', म्हणजे चक्क पुनर्जन्म! मास्तरांची जात, दुसरं काय. मी माझ्या जातीच्या बाजूने आहे.

आणि हळूहळू सगळे त्याच बाजूला सरकताना दिसतात. व्हिस्टाने काही ड्रायव्हर बाहेर बसवायची सोय केली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोन सेकंद उत्तर देईना झाला की त्याला झटकून पुन्हा उभं करायची युक्तीही तेव्हाचीच. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो ना, तेव्हा पूर्वीचा एक निळा पडदा टळलेला असतो. अॅपलने २०१९ पासून बाहेरच्यांना कर्नलमधून काढायला घेतलं. वेबकॅमसाठी तर सगळ्यांची मिळून एक प्रमाणबोलीच ठरली, त्यामुळे आता कॅमेऱ्याबरोबर सीडी येत नाही, विंडोजचा स्वतःचा एकच दुभाषी सगळ्या कॅमेऱ्यांशी बोलतो. मराठी शिकवताना मी प्रमाणभाषेच्या फार आग्रहाची कधी नव्हते, इथे मात्र मला ती मनापासून पटते. २०२४ च्या दणक्यानंतर मायक्रोसॉफ्टनेही अँटिव्हायरसवाल्यांना माजघराबाहेर काढायची तयारी चालवली आहे. आणि २०२५ मध्ये त्यांनी निळा पडदा काळा केला. त्याने काय साधलं देव जाणे, पण त्यावर कोसळायला कारण ठरलेल्या ड्रायव्हरचं नाव आता स्पष्ट लिहून येतं म्हणतात, ते बरं झालं.

समोर बसलेल्या पोराला विचारायच्या आधी माणसं ते नाव वाचतील, अशी आशा आहे.

'गेममधून व्हायरस' म्हणणाऱ्या त्या दुरुस्तीवाल्या मुलाचा मला राग नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. फॉरमॅट मारला की ड्रायव्हरही पुसला जातो, चार दिवस बरं वाटतं, मग गिऱ्हाईक सीडी घालून तोच पाहुणा पुन्हा आत घेतं. हा व्यवसाय कितीतरी गावांत वर्षानुवर्षं असाच चालला. आता त्याची जागा 'तुमचे ३७ ड्रायव्हर जुने झालेत, इथे दाबा' म्हणणाऱ्या जाहिरातींनी घेतली आहे. दाबू नका. ड्रायव्हर विंडोजकडूनच येऊ द्यावा, नाहीतर वस्तू बनवणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवरून घ्यावा. आणि कॉम्प्युटर पडायला लागला तर पहिला प्रश्न स्वतःला विचारावा, गेल्या महिन्यात नवीन काय जोडलं? मला हा प्रश्न त्या मे महिन्यात सुचला असता तर उत्तर टेबलावरच होतं. बेडकाच्या डोळ्याने माझ्याकडे बघत होतं.

आता राहिलं ते. बाळा, तू हे वाचतोस हे मला तुझ्या आईकडून कळलंय. २००७ च्या दिवाळीत मला सगळं कळलं होतं. तेव्हा तुला फोन करणं काही अवघड नव्हतं. पण बारा वर्षांच्या मुलाला मावशीने, त्यातून शिक्षिकेने, माझं चुकलं म्हणायचं कसं, हे मला त्या दिवाळीत जमलं नाही, आणि मग दर दिवाळीला ते आणखी अवघड होत गेलं. तू मोठा झालास, नोकरीला लागलास, लग्नात माझ्या पाया पडलास, तेव्हाही ते माझ्या ओठांवर होतं. तुझ्या आईलाही मी आत्ता, हे लिहायच्या आधी, फोन करून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

तू काहीच केलं नव्हतंस. बटण मी दाबलं होतं, दोनदा.

वहीतल्या ओव्या मी पुन्हा टाइप केल्यात, तुला पाठवते. तू लहान असताना आजी तुला मांडीवर घेऊन काय काय म्हणायची. त्यातलं काही आठवत असेल, अर्धवट, एखादा शब्दसुद्धा, तर मला सांग. फोन रविवारी दुपारी नको करूस, मी झोपलेली असते.